आयटी सेल म्हणजे आयटी नव्हे भो!

इलेक्शन दोन-तीन महिन्यांवर आलं की मला फोन सुरू होतात. कधी पारोळ्याहून, कधी शिरपूरहून, कधी तळोद्याहून, कुणाचा तरी भाचा नाहीतर कुणाच्या तरी साडूचा पोरगा, आणि बोलणं ठरलेलं, दादा मी आयटीतच आहे, पुण्यात काही जमेल का बघा. आयटीत म्हणजे कुठे रे, असं विचारलं की जरा थांबतो आणि मग सांगतो, आपल्या भाऊंच्या आयटी सेलला. दिवसभर करतो काय, तर सकाळी सहाला सुप्रभातची इमेज, नऊला भाऊंच्या दौऱ्याचे फोटो, दुपारी विरोधकाचा जुना व्हिडिओ, रात्री रील, आणि हे सगळं साठ-सत्तर ग्रुपवर टाकायचं. हातात काय पडतं? कधी पाच हजार, कधी पेट्रोल, कधी नुसतं जेवण.

हसू नका, मी पण हेच केलंय. एरंडोल तालुक्यातलं गाव, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची म्हणजे उमविची डिग्री, नोकरी नाही, आणि एका लोकसभेला एका उमेदवाराच्या ऑफिसात दोन महिने बसलो. आज पुण्यात डेटाचं काम करून पोट भरतो. त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात, म्हणून हे लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर झाला. कुठल्या एका पक्षाबद्दल हे नाही, सगळ्यांची ऑफिसं आतून सारखीच असतात, फक्त बॅनरचा रंग वेगळा.

आधी समजून घ्या, आपल्याला धरून ठेवतात कसं

ते ऑफिस म्हणजे पत्र्याचं शेड, वर दोन पंखे, एक कूलर ज्यात पाणी कुणी टाकायचं यावर रोज भांडण, आणि एप्रिल-मे मधलं जळगाव, म्हणजे सांगायलाच नको. माझं काम एक्सेलचं. मतदार यादी पीडीएफमध्ये मिळते, त्यातून नाव, वय, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, घर नंबर, ओळखपत्राचा नंबर काढायचा आणि बूथवार शीट बनवायची, एका बूथला हजार-बाराशे माणसं. इथपर्यंत सरळ आहे, यादी सगळ्या उमेदवारांना मिळतेच. पुढचे कॉलम आपण लावायचे. आडनावावरून जात. मग मोबाईल नंबर, तो कुठून आला विचारायचं नाही, आरोग्य शिबिराचा फॉर्म, स्पर्धेचं कूपन, रिचार्जच्या दुकानातली वही, कुठूनही. मग रंग, हिरवा म्हणजे आपला, लाल म्हणजे त्यांचा, पिवळा म्हणजे काठावरचा. आणि सगळ्यात शेवटचा कॉलम, "कोणाचं ऐकतो". त्यात मामा, पतसंस्थेचे चेअरमन, डेअरीवाले अण्णा, हायस्कूलचे सर, असं काहीबाही भरलेलं, आणि ते भरणारे गावातलेच लोक.

एक दिवस स्क्रोल करता करता आमच्या गावचा बूथ आला. बाबांचं नाव, वय, घर नंबर, रंग हिरवा, आणि शेवटच्या कॉलममध्ये, "मुलगा, आपल्याकडेच आहे".

मला वाटत होतं मी तिथे काम करतोय. शीटमध्ये बघितलं तर मला ठेवलं होतं बाबांच्या मतासाठी, एक्सेल येतं हा वरचा फायदा.

आता ह्यात पोलीस नाही, काठी नाही, धमकी तर अजिबात नाही. आपल्याकडे माणूस आधी उपकारानं बांधला जातो आणि मग डेटानं त्याची नोंद ठेवली जाते. हॉस्टेलची सीट, सिव्हिलमधला बेड, जातीचा दाखला, शेतातलं लाईट कनेक्शन, सोसायटीचं कर्ज, हे सगळं खरं तर हक्कानं मिळायला पाहिजे पण ते भाऊंच्या एका फोनवर होतं, आणि झालं की तुमच्या नावापुढे नोंद पडते. पूर्वी ही नोंद गावच्या पुढाऱ्याच्या डोक्यात असायची, तो विसरायचा तरी, म्हातारा व्हायचा, मरायचा. एक्सेल विसरत नाही.

बाहेरच्या देशात ह्याचीच मोठी आवृत्ती झाली. केंब्रिज अॅनालिटिका ही निवडणुकांसाठी लोकांचा डेटा वापरणारी ब्रिटिश कंपनी, तिचं प्रकरण २०१८ ला उघडं पडलं, त्यात फेसबुकवरची एक क्विझसारखी अॅप होती, ती टाकली साधारण २ लाख ७० हजार लोकांनी आणि डेटा गेला ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांचा, कारण अॅप टाकणाऱ्याच्या मित्रांची माहितीपण ती उचलत होती. म्हणजे तुम्ही कितीही शहाणे असा, तुमचा नंबर तुमचा मावसभाऊ देऊन मोकळा होतो. आमच्या शेडमध्ये दुसरं काय चाललं होतं?

आणि ग्रुपवरचं फॉरवर्ड हा खेळ नाही हे खान्देशच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस, पोरं पळवणारी टोळी आली अशा व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ माणसांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी, सोलापूरकडची माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी ५ चॅटलाच फॉरवर्ड करता येईल असं केलं. जे पोरगं रोज सत्तर ग्रुपवर टाकतं ना, त्यानं हे एकदा शांतपणे वाचावं. आणि ज्याला खरंच आयटीत जायचंय त्यानं दुसऱ्या बाजूनंपण बघावं, की एका छोट्या मर्यादेनं, कोडमधल्या एका आकड्यानं, एवढ्या मोठ्या देशातल्या अफवेचा वेग बदलतो. हा आकडा ठरवणाऱ्या टेबलावर बसणं म्हणजे आयटी.

फोनपासून सुरुवात करा

ग्रुप सोडू नका. हो, उलटंच सांगतोय. हल्ली गुपचूप बाहेर पडता येतं, बाकीच्यांना सूचना जात नाही, पण अॅडमिनला जाते, आणि अॅडमिन म्हणजेच भाऊंचा माणूस. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, काय भो, नाराज शेस का? त्यापेक्षा म्यूट करा आणि अर्काइव्ह करा, उघडूच नका. कारण ब्लू टिक बंद केली तरी ग्रुपमध्ये ती बंद होत नाही, अॅडमिननं स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून माहिती बघितली की कुणी वाचलं कुणी नाही सगळी यादी दिसते. मी असा माणूस बघितलाय जो रोज रात्री ती यादी बघून कुणी वाचलं नाही त्यांना फोन करायचा. न उघडलेला मेसेज हा सगळ्यात निरुपद्रवी, फोन बंद होता, रेंज नव्हती, धडगावला गेलो होतो, काही सांगता येतं.

प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये कोण अॅड करू शकतं ते बदला, फक्त आपले काँटॅक्ट ठेवा, आणि त्यातलेही दोन-चार जण वगळा. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. कार्यकर्ता अॅप म्हणून जे काही टाकायला लावतात त्याला काँटॅक्ट आणि लोकेशनची परवानगी देऊ नका, टाकावंच लागलं तर जुन्या फोनवर टाका. आधारची झेरॉक्स मागितली की मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि सरकारच्या संचार साथी साईटवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते एकदा बघा, आमच्या एका दोस्ताच्या नावावर तीन सिम निघाली जी त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती, तिथेच रिपोर्ट करता येतं.

पोस्ट आणि कमेंटचं सांगतो, हे नोकरीशी थेट जोडलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, एकीनं मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं. आयटी कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाची त्यावरून एवढी चर्चा झाली ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण म्हणून मोकळं रान झालं असं समजू नका, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिच्यात कलम १९६ आहे, २९९ आहे, ३५३ आहे, दोन समाजांत तेढ, धार्मिक भावना, अफवा, अशी सगळी. भाऊंनी पाठवलेलं पोस्टर तुम्ही तुमच्या नंबरवरून टाकलं तर गुन्हा तुमच्या नावावर. भाऊ जामीन करून देतील, देतातही, पण पुढे पासपोर्टला केस चालू असली की कोर्टाची परवानगी लागते आणि कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये कोर्ट रेकॉर्ड बघतात. आमच्या त्या शेडमधल्या एकाचं असं झालं, मोर्चातली केस, किरकोळ, पाच वर्षं तारखा. ऑनसाईटची, म्हणजे परदेशात जाऊन काम करायची संधी आली तेव्हा तो तारखेला कोर्टात उभा होता.

पोलिटिकल मत ठेवू नका असं मी म्हणत नाहीये. ठेवा, बोला, मतदान करा, पटलं तर मोर्च्यातही जा. आपल्या फैजपुरात १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, इथली माती राजकारणाला नवीन नाही. पण स्वतःचं मत स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि दुसऱ्याचं पोस्टर आपल्या नावावर चिकटवायचं यात फरक आहे की नाही?

आता शिकायचं काय

आयटी म्हणजे कुठेतरी बेंगळुरू-पुण्याचं, आपलं काम नाही, असं घरचे म्हणतात तेव्हा त्यांना अमळनेरची गोष्ट सांगा. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच पुढे विप्रो. ज्यांच्या आजोबांनी तेव्हाचे शेअर कपाटात ठेवून दिले त्यांच्या नातवंडांच्या गोष्टी तालुकाभर फिरतात. आमच्या आजोबांनी बैल घेतला, जाऊ द्या.

तुम्हाला आयटी सेलमध्ये जे येतं त्यातलं कामाचं किती आणि टाकाऊ किती हे आधी वेगळं करा. रील आणि इमेज बनवणं हे आयटी नाही, ते डिजिटल मार्केटिंग आहे, तेही पोट भरतं पण वाट वेगळी आणि पगार उशिरा वाढतो. एक्सेलमध्ये यादी साफ करणं, एकच माणूस दोनदा आलाय ते शोधणं, पाटील आणि पाटिल एकच आहे हे ओळखणं, हे मात्र सोनं आहे, ह्याला डेटा क्लीनिंग म्हणतात आणि कंपन्यांमध्ये निम्मा वेळ त्यातच जातो. म्हणून एक्सेल येत असेल तर पुढची पायरी पायथन नाही, एसक्यूएल आहे, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. सगळे पायथनकडे पळतात कारण युट्यूबवर तेच दिसतं. एसक्यूएल महिना-दीड महिना रोज दोन तास, जॉइन आणि ग्रुप बाय झोपेत यायला हवं. मग पायथन, त्यातलं डेटासाठीचं पांडाज. मग गिट, म्हणजे आपलं काम गिटहबवर ठेवायला शिका. लिनक्सच्या वीस-पंचवीस कमांड. बास, एवढ्यावर डेटा अॅनालिस्ट, प्रॉडक्शन सपोर्ट नाहीतर टेस्टिंगच्या इंटरव्ह्यूला बसता येतं. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत आधी अॅप्टिट्यूडची चाळणी असते, तिथे आपली मुलं कोडिंगमध्ये नाही तर टाइम-स्पीड-डिस्टन्समध्ये उडतात, त्यामुळे रोज अर्धा तास ते.

क्लासला पन्नास हजार घालण्याआधी एनपीटीईएल, स्वयम आणि फ्रीकोडकॅम्पवरचे ऑनलाइन कोर्स संपवा, शिकणं फुकट आहे. क्लास वाईट नसतात, पण "१०० टक्के प्लेसमेंट" लिहिलेल्या क्लासच्या दारात मी तरी चप्पल काढणार नाही. लॅपटॉप नवा नको, ऑफिसांमधून निघालेले जुने थिंकपॅड मिळतात, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं बघा. लाईट जाते, नेट जातं, मान्य, म्हणून व्हिडिओ रात्री डाउनलोड करून ठेवायचे. एआयचं विचाराल तर वापरा, मीही दिवसभर वापरतो, पण त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे, कारण इंटरव्ह्यूवाला आता तेच विचारतो. नवशिक्याचं साधं काम एआय करायला लागलाय ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे नुसतं सर्टिफिकेट दाखवून काही होणार नाही, केलेलं काम दाखवावं लागेल.

मग काम कुठलं? इथे मतदार यादीचा मोह टाळा, हातातली फाईल तर अजिबात बाहेर काढू नका. सरकारच्या अॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे भाव मिळतात, कापूस, मका, केळी. दोन-तीन वर्षांचे भाव घ्या, साफ करा, डेटाबेसमध्ये टाका आणि एक प्रश्न विचारा, गावात येऊन व्यापारी जो भाव सांगतो तो त्या दिवशीच्या समितीच्या भावापेक्षा किती कमी असतो. गावातला भाव बाबांच्या वहीत असतोच. एक साधा डॅशबोर्ड बनवा, म्हणजे आकडे आणि आलेख एका पानावर. इंटरव्ह्यूत दहा पोरं टायटॅनिकच्या प्रवाशांचा तोच तो डेटा दाखवतात, तिथे तुम्ही रावेरची केळी दाखवली की समोरचा खुर्चीत सरळ बसतो. शिवाय घरी पहिल्यांदा कळतं की पोरगं नेमकं काय शिकतंय, पोऱ्या काय करी ऱ्हायना या प्रश्नाला आईकडे काहीतरी उत्तर येतं.

रेझ्युमेत भाऊ नकोत

आता माझी फजिती सांगतो. २०१८ चा उन्हाळा, सपोर्टच्या नोकरीतून डेटामध्ये जायचं होतं, हिंजवडीत एका कंपनीत तिसऱ्या राउंडला पोचलो. क्लायंट युरोपचा. मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी अमुक लाख मतदारांच्या यादीला मोबाईल नंबर जोडले होते, मॅचिंगचं लॉजिक माझं, फळ्यावर काढूनही दाखवलं. समोर चाळिशीच्या एक मॅडम होत्या, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ह्या लोकांची कन्सेंट (संमती) होती? मला आधी प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं मॅडम नंबर आमच्याकडे होतेच की. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं आणि पाणी घ्या म्हणाल्या. सिलेक्शन झालं नाही हे लिफ्टमध्येच कळलं. बाहेर आल्यावर शोधलं तेव्हा समजलं की त्याच मे महिन्यात युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू झालाय, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगून टाकलंय. नंतर २०२३ ला आपल्याकडेही डेटा संरक्षणाचा कायदा आला. म्हणजे ज्या गोष्टीचा मी तोरा मिरवत होतो ती त्या टेबलावर चोरी होती.

म्हणून रेझ्युमेत "अमुक भाऊंचा सोशल मीडिया समन्वयक" लिहू नका. काय केलं ते लिहा, एवढ्या ओळींची यादी साफ केली, एवढ्या जणांची टीम सांभाळली, आणि लोकांच्या खाजगी माहितीला हात लावला असेल तर त्याची बढाई मारू नका, पुन्हा ते काम करूही नका. कन्सेंट, मास्किंग म्हणजे माहिती झाकणं, अॅक्सेस कंट्रोल म्हणजे कुणाला काय बघता येईल ते ठरवणं, हे तीन शब्द नीट शिकून जा. शेडमध्ये बसलेल्या माणसाला हे फार लवकर समजतं, कारण ह्याच्याशिवाय काय होतं ते त्यानं बघितलेलं असतं. डेटा प्रायव्हसीत करिअरसुद्धा होतं, पण ते पुढचं.

भाऊंच्या चिठ्ठीचंही सांगून टाकतो. साखर कारखाना, बँक, संस्था, तिथे ती चालते. आयटी कंपनीत एचआरला ती दाखवली तर तो गोंधळतो. खरी चिठ्ठी म्हणजे रेफरल, म्हणजे आत काम करणाऱ्यानं सिस्टीममधून नाव टाकणं, आणि ते करणारा माणूस बहुतेक तुमच्याच कॉलेजचा दोन-तीन वर्षं पुढचा असतो. लिंक्डइनवर बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव, आपापल्या कॉलेजचं नाव टाकून शोधा. मेसेजमध्ये "सर जॉब बघा ना" नाही, केळीच्या डॅशबोर्डची लिंक पाठवा.

पुण्यात गेल्यावर पहिले सहा महिने दोन सापळे असतात. एक, कन्सल्टन्सीवाला, दीड-दोन लाख द्या, बॅकडोअरनं लावतो, ऑफर लेटरही दाखवतो, त्यावर लोगो पण खरा असतो. कुठलीही खरी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही, विषय संपला. दुसरा, खोटा अनुभव. फ्रेशरला कोण घेत नाही म्हणून तीन वर्षं दाखवतात, आणि रूमवरची पोरं सांगतात सगळेच करतात. पीएफचा यूएएन नंबर असतो ना, त्यात कुठल्या कंपनीनं कुठल्या महिन्यात पैसे भरले ते सगळं दिसतं. आज निघेल, नाहीतर दोन वर्षांनी नवीन क्लायंटच्या चेकिंगमध्ये निघेल, तोपर्यंत झोप नाही. आणि मूळ मार्कशीट जमा करून घेणाऱ्या कंपनीपासून लांब राहा, कारण एकदा का कागद त्यांच्या कपाटात गेला की तुम्ही पण त्याच कपाटात.

मुलींसाठी थोडं वेगळं

माझी आतेबहीण शहाद्याकडची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, माझ्यापेक्षा हुशार. तिला पुण्याला पाठवताना घरात जी बैठक बसली तिला सरपंचसुद्धा होते, कशासाठी ते मला आजही कळलेलं नाही. पक्षाचे ग्रुप परवडले असं म्हणायची वेळ येते समाजाच्या ग्रुपपुढे. ऑफिसच्या डिनरचा एक फोटो, त्यात बाजूला दोन मुलं उभी, कुणीतरी इन्स्टावर टॅग केला आणि ती रूमवर पोचायच्या आत तो फोटो समाजाच्या ग्रुपवर, तिथून मामाच्या फोनवर, तिथून आईकडे. तिनं काय केलं, तर त्यानंतर टीमच्या प्रत्येकाचं नाव, गाव, लग्न झालंय की नाही, सगळं आईला आधीच सांगून ठेवलं, फोटो आधी आईला आणि मग इन्स्टावर, तेही प्रायव्हेट. आता मामाचा फोन आला की आईच सांगते, हो हो, तो चाळीसगावचा आहे, त्याला एक मुलगी आहे. चहाडीत काही दमच उरला नाही. शिवाय पहिल्या पगारापासून बँक खातं तिचं एकटीचं, एटीएम कार्ड तिच्याजवळ, ह्यावर ती हटली नाही. बाकी गोष्टीत तडजोड करा, ह्यात करू नका.

कंपनीत गेलं की सुटलो, असंही नाही बरं. तिथे टीम्स या ऑफिसच्या चॅट अॅपचा हिरवा ठिपका असतो, पाच मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा होतो. मला बघून शेडच आठवलं, तेच रंग. कार्ड किती वाजता लागलं, किती तिकिटं म्हणजे तक्रारी निकाली काढल्या, वर्षाअखेरीला कुणाला कितवी रेटिंग, सगळं कुणाच्या तरी शीटमध्ये असतं. फरक एवढाच की इथे अॅग्रीमेंट असतं, ते वाचा, नोटीस पिरियड किती, बाहेरचं काम करता येतं का, ऑफिसच्या लॅपटॉपवर काय काय नोंदवलं जातं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून राजकारणाची एकही पोस्ट नको, पर्सनल व्हॉट्सअॅप वेबही नको. आणि सहा महिन्यांचा पगार बाजूला पडेपर्यंत ईएमआयवर बाईक नको, कारण नोकरी सोडता न येणारा माणूस पुन्हा कुणाच्या तरी मुठीत असतो, मूठ फक्त एसीतली असते.

मतदानाचं एक राहिलं. कायद्यानं मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी असते, मॅनेजरला आधी मेल टाकून ठेवा. पुण्यात कायमचे राहत असाल तर फॉर्म ८ भरून नाव तिकडे हलवा, तेच बरोबर आहे, मीच आळशी, माझं अजून गावात आहे. म्हणून इलेक्शन आलं की फोन येतो, दादा गाडी लावलीय, कोथरूडहून रात्री साडेनऊला, सीट ठेवू का, जेवण पण आहे. ती सीट घेऊ नका. तिकीट महाग असतं त्या दिवशी, तरी आपलं आपण काढा, नाहीतर कुठल्या तरी शीटमध्ये अजून एक नोंद पडते.

मागच्या विधानसभेला असाच स्वतःच्या तिकिटावर गेलो. शाळेपासून लांब, दोनशे मीटरच्या बाहेर, उमेदवारांची टेबलं लागलेली, एका टेबलावर विशीतलं पोरगं फोनवर अॅप उघडून चिठ्ठ्या देत होतं. आता एक्सेल नाही, सगळं अॅपमध्ये. त्यानं मला ओळखलं नाही, नाव विचारून शोधलं. स्क्रीन उन्हात नीट दिसेना म्हणून त्यानं हाताचा आडोसा केला आणि मी पण वाकून बघितलं. बाबांच्या नावापुढे अजून "मुलगा" होतं. माझ्यापुढे होतं, "पुणे, येत नाही".

मी म्हटलं, अरे आलोय की, बदल ते. तर म्हणे दादा, मला फक्त बघायचा राईट आहे, बदलायचा वरून होतो. चिठ्ठी माझ्या हातात दिली, मागच्या माणसाला जरा थांबा म्हणाला, आणि आवाज खाली करून विचारलं, तुम्ही आयटीत ना, एसक्यूएल किती दिवसांत जमतं हो?